आडनावाची बदलती रूपे आणि हरवलेला पूर्वज : नव्याने शोध घेणाऱ्यांसाठी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदवहीत लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. या मुलाचे वडील रामजी मालोजी सकपाळ. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि त्या गावावरून पडलेले आडनाव आंबडवेकर. आंबडवेकरचे आंबेडकर होण्यामागे त्याच शाळेतील आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांचा वाटा होता, असे सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र घरोघरी ठाऊक असल्यामुळे ही तीन आडनावे एकाच घरातली आहेत हे आपल्याला आज सहज कळते. पण हे चरित्र आपल्याला ठाऊक नाही आणि हातात केवळ एक जुना शाळेचा दाखला आहे, असे क्षणभर समजा. आंबेडकर हे आडनाव घेऊन आंबडव्यात गेलेल्या माणसाला गावच्या जुन्या कागदांत काही सापडणार नाही, आणि सकपाळ हे आडनाव घेऊन साताऱ्याच्या शाळेत गेलेला माणूस ती नोंद डोळ्यांसमोर असूनही पान उलटून पुढे जाईल. या सगळ्या बदलात दोनच गोष्टी टिकल्या : वडिलांचे नाव रामजी, आणि आडनावाच्या पोटात शिल्लक राहिलेले गावाचे नाव.

घराण्याचा शोध नव्याने सुरू करणाऱ्यांना मला हेच आधी सांगावेसे वाटते. कागदात आडनाव शोधत बसू नये, माणूस शोधावा. आडनावाचे वेगळे रूप समोर आले की ते झटकून टाकू नये आणि घाईने आपलेही म्हणू नये. ते रूप कोणाच्या कानामुळे, कोणत्या लिपीमुळे किंवा कोणत्या कारणामुळे तसे झाले असेल, हे सांगता आले पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर ती नोंद सध्या बाजूला ठेवावी.

सुरुवात घरातून

अर्ज, नकला आणि संगणकावरचा शोध हे सारे नंतर. पहिले आठ-पंधरा दिवस घरासाठी राखून ठेवावेत. वडीलधाऱ्या माणसांना ‘आपले मूळ आडनाव काय?’ असा थेट प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा जे आडनाव आज चालू आहे तेच उत्तर मिळते. त्यापेक्षा कुलदैवत कोणते, लग्नात देवक कशाचे बसते, भाऊबंद कोणत्या गावी आहेत, सुतक कोणाकोणाचे धरतात, गावी गेल्यावर लोक आपल्या घराला काय म्हणून ओळखतात, असे विचारावे. सुतकाचा प्रश्न फार मोलाचा आहे. आडनाव वेगळे असूनही ज्यांचे सुतक आपण धरतो, ते घर बहुधा आपल्याच भावकीतले असते आणि दोन आडनावांमधला दुवा तिथेच सापडतो.

जुन्या माणसांच्या तोंडी साल नसते, प्रसंग असतो. ‘आजोबा मानमोडीत गेले’ असे कोणी म्हणाले, तर ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचे वर्ष समजावे. ‘प्लेगात घर मोडले’ असे म्हणाले, तर १८९६ साली मुंबईत आलेल्या आणि पुढे अनेक वर्षे रेंगाळलेल्या साथीचा काळ डोळ्यांपुढे ठेवावा. बोलणे शक्यतो भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे, कारण आडनावाचा उच्चार लिहून घेताना आपण नकळत तो आजच्या लेखनाप्रमाणे ‘सुधारतो’, आणि नेमका तो जुना उच्चारच आपल्याला हवा असतो.

यानंतर वस्तू. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, तसबिरींच्या मागची बाजू, पत्र्याच्या पेटीतले दस्तऐवज आणि पावत्या हे तर पाहायचेच. पण माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढायला विसरू नये. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव कोरून घेण्याची पद्धत होती. हंड्याच्या काठाखाली किंवा ताटाच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले ते नाव चिंच लावून घासावे, तिरका उजेड पाडावा आणि छायाचित्र घ्यावे. बाजारपेठेतल्या कासाराने किंवा तांबटाने ते नाव ऐकून कोरलेले असते. त्यात शाळा किंवा कचेरीचा हात लागलेला नसतो, म्हणून घरात बोलले जाणारे रूप तिथे अनेकदा जसेच्या तसे मिळते, आणि माहेरचे आडनावही तिथेच हाती लागते.

आडनावाची जात ओळखावी

येथे जात म्हणजे प्रकार. आपले आडनाव गावावरून आले आहे, कुळाचे आहे, वतनाचे किंवा व्यवसायाचे आहे, की एखाद्या टोपणनावावरून रूढ झाले आहे, हे ठरवले की शोधाची दिशा बदलते.

कुलकर्णी, देशमुख, पाटील, देसाई, चौगुले ही पदांची नावे आहेत. एकाच घरातला थोरला भाऊ पाटीलकी सांभाळतो म्हणून पाटील लिहितो आणि धाकटा जाधव लिहितो, असे शेकडो गावांत झाले आहे. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. पद गेले तरी अनेक घरांत आडनाव राहिले. म्हणून ‘पाटील’ पूर्वज सापडत नसेल, तर त्या गावची पाटीलकी कोणत्या कुळाकडे होती हे आधी विचारावे आणि मग त्या कुळाच्या नावाने पुन्हा कागद पाहावेत.

‘कर’ लागलेले आडनाव गाव सांगते, पण ते गाव आपण मुळात सोडून आलो आहोत हेही सांगते. मालवणात राहणाऱ्याला कोणी मालवणकर म्हणत नाही. तो दुसरीकडे गेला की मालवणकर होतो. त्यामुळे मूळ गावच्या जुन्या कागदांत हे आडनाव मिळेलच अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे त्याच घराचे कुळाचे किंवा व्यवसायाचे नाव असेल. शिवाय गावाचे नावही काळाबरोबर बदलते. बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे आडनाव अलिबागजवळच्या ज्या गावावरून आले, त्याला आज आपण किहीम म्हणतो. आडनावात गावाचा जुना उच्चार गोठून राहतो आणि गाव मात्र पुढे जाते. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव अशी नावे तर अनेक तालुक्यांत आहेत, म्हणून केवळ आडनावावरून गाव पक्के करू नये. कुलदैवताचे ठिकाण आणि सोयरिकीची गावे नकाशावर मांडून जवळचे कोणते ते पाहावे.

कुळाच्या आडनावांत रूपांची संख्या सर्वांत जास्त असते. चव्हाण, चवाण, चव्हान, चौहान, साळुंखे, साळुंके, साळोखे, सोळंके, भोसले, भोंसले, जाधव, जादव. यांतली काही रूपे प्रांताची असतात, काही कारकुनाची, तर काही घराने ठरवून घेतलेली.

रूप कशामुळे बदलते

आता एक वही घ्यावी आणि डाव्या पानावर आपल्या आडनावाची सुचतील तेवढी रूपे लिहावीत, उजव्या पानावर प्रत्येकासमोर कारण. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, पुढची सगळी शोधाशोध याच वहीवर चालते.

मोडी लिपीपासून सुरुवात करावी, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रातले आणि कोकणातले बरेच व्यवहार मोडीत होत होते. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी वेगळी दाखवली जात नाही, उकाराचेही तसेच. अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. ओळीची शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. याचा अर्थ असा की शिंदे हे ‘शिदे’ असे दिसू शकते, आणि शिदे असे लिप्यंतर करून मिळाले तर ते चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. मोडीवाचकाकडून लिप्यंतर करून घेताना त्याला आपले आडनाव आधी सांगू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सांगितले की डोळ्याला तेच दिसू लागते. आधी त्याला कोरे वाचू द्यावे, मग आपली वही उघडावी. नावाभोवतीचे शब्दही समजून घ्यावेत : ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’ यांवरून नवऱ्याचे नाव कळते, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘मौजे’ म्हणजे गाव. आडनाव धूसर असले, तरी ‘बिन’च्या दोन्ही बाजूंची नावे बहुधा स्वच्छ वाचता येतात.

मराठवाड्याचा मामला वेगळा आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचे बरेच कागद उर्दूत आहेत. उर्दूत ळ आणि ण यांना स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे काळेचे काले होते. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिला जात नाही. ओ, ऊ आणि औ यांसाठी एकच वाव हे अक्षर येते, तर शब्दाच्या मधोमध ई, ए आणि ऐ यांसाठी ये हे एकच अक्षर येते. म्हणजे घुगे आणि घोगे कागदावर एकसारखे दिसू शकतात, आणि मोरेचे मूरे असेही वाचले जाऊ शकते. शिकस्ता म्हणजे घाईने लिहिलेल्या वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असले, तर अडचण आणखी वाढते. उर्दू जाणणारा पण मराठी आडनावे न जाणणारा वाचक नेमला, तर तो प्रामाणिकपणे चुकीचे वाचेल. दोन्ही जाणणारा माणूस शोधण्यासाठी चार दिवस जास्त गेले तरी हरकत नाही.

इंग्रजी कागदांत दोन काळ वेगळे धरावेत. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात साहेब कानाला जसे ऐकू येईल तसे लिहीत असे : ‘अ’साठी यू, ‘ई’साठी दोन वेळा ई, ‘ऊ’साठी दोन वेळा ओ. त्या काळचे कदम आज वाचताना ‘कुदुम’ वाटते. मधल्या किंवा शेवटच्या ‘ड’चा उच्चार इंग्रजी कानाला ‘र’सारखा लागे, म्हणून बडोद्याचे गायकवाड इंग्रजीत ‘गायकवार’ झाले, आणि ग्वाल्हेरचे शिंदे ‘सिंदिया’ झाले ते आजतागायत. पुढे लेखनाची ठरीव पद्धत आली, पण तिच्यातही ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांना एकेकच अक्षर उरले. के, ए, एल, ई ही चार अक्षरे काळे, काले आणि कले या तिघांचीही असू शकतात. टी आणि एच यांत साठे आणि साथे दोन्ही मावतात. आज संगणकावरच्या याद्या बऱ्याचदा इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आणलेल्या असतात, त्यामुळे शोधाच्या चौकटीत आपले शुद्ध रूप टाकून काही मिळाले नाही, तर इंग्रजीतून परत आलेले अशुद्ध रूपही टाकून पाहावे.

कोणता कागद आधी पाहावा

आजपासून मागे जावे, मागून पुढे येऊ नये. पेशवाईतल्या एखाद्या सरदाराचे आडनाव आपल्यासारखे आहे म्हणून तिथून सुरुवात करणारे बहुतेक जण वाटेत हरवतात.

शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा आणि जन्ममृत्यूच्या नोंदी ही पहिली पायरी. गावपातळीवर या नोंदी गाव नमुना नंबर चौदामध्ये किंवा कोतवाल बुकात असतात. तिथे बाळाचे नाव अनेकदा नसतेच, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, पण बापाचे नाव असते आणि कधी आजोबांचेही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात लेखी अर्ज देऊन प्रमाणित नक्कल मागावी. अर्जात एकच रूप लिहू नये. ‘साळुंखे अथवा साळोखे अथवा साळुंके’ असे लिहून, गाव आणि अंदाजे वर्षांचा पट्टा द्यावा. शोधणारा कर्मचारी अर्जात लिहिलेलेच शोधतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

यानंतर जमीन. माझ्या मते नवशिक्याच्या हाती असलेले सर्वांत भरवशाचे साधन हेच आहे, कारण सर्व्हे नंबरला वेलांटी नसते आणि उकारही नसतो. आडनाव चार प्रकारे लिहिले जाईल, पण सर्व्हे नंबर ४७ हा ४७ च राहतो. मुंबई इलाख्यात पद्धतशीर मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांची साखळी जुळवणे अगदीच अशक्य नसते. आजच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ आणि खाली फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घेऊन गाव नमुना सहामधली ती नोंद काढावी. तिथे आणखी जुन्या फेरफाराचा उल्लेख असेल, तो काढावा. मध्येच गट नंबर येऊन साखळी तुटली, तर घाबरू नये. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबरचे गट झाले. जुन्या आणि नव्या क्रमांकांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतो. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि उतारे शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर छायांकित स्वरूपात पाहता येतात. विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि मराठवाड्यात त्याच सुमाराचे खासरा पत्रक या जागेवर उपयोगी पडते.

फेरफारांपैकी वारसाचा फेरफार मिळाला, तर तो सोन्यासारखा जपावा. खातेदार मयत झाल्यावर तलाठ्याने लिहिलेल्या त्या चार-सहा ओळींत मुलगे, मुली, विधवा, त्यांची वये आणि मयताची तारीख एका ठिकाणी येते. कधी त्या एकाच नोंदीत बापाचे आडनाव एका रूपात आणि मुलाचे दुसऱ्या रूपात असते. दोन रूपे एकाच घराची आहेत याचा यापेक्षा थेट पुरावा सामान्य घराला सहसा मिळत नाही.

जुन्या कागदांतल्या तारखा ताडून पाहाव्यात. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येते, दक्षिणेतल्या फसली म्हणजे महसुली सनात ५९० किंवा ५९१, आणि पेशवेकालीन सुहूर सनात ५९९ किंवा ६००. फसली आणि सुहूर ही वर्षे जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे एका वर्षाचा फरक मनात धरूनच चालावे.

घराण्याकडे इनाम किंवा वतन होते असे घरात सांगितले जात असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. १८५२ च्या कायद्याखाली काम केलेल्या इनाम कमिशनपुढे वतनदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला, आणि त्या निमित्ताने वंशावळी आणि कैफियती दाखल झाल्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू कागद वाचून त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. आपला शोध त्या विषयाशी निगडित नसला, तरी आपल्या गावच्या जुन्या नोंदवहीची पाने तिथे दिसत असतील, तर जरूर पाहावीत. गावात त्या काळी कोणकोणती घरे होती याचा अंदाज येतो.

वह्या आणि वंशावळी सांगणारी माणसे

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग आणि हरिद्वार येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या फार जणांना ऐकून ठाऊक असतात, पण तिथे जाताना आडनावच घेऊन जातात आणि रिकाम्या हाताने परततात. उपाध्ये प्रथम गाव विचारतात. गाव, जुना परगणा किंवा तालुका, समाज आणि मग आडनाव असा क्रम असतो. म्हणून मूळ गाव पक्के झाल्याशिवाय जाऊ नये. या वह्यांचे वैशिष्ट्य असे की लिहिता येणाऱ्या पूर्वजाने पुष्कळदा स्वतःच्या हाताने नाव लिहिलेले असते, तेव्हा आडनावाचे ते रूप कारकुनाचे नसून त्याचे स्वतःचे असते. दोन रूपांपैकी मुख्य कोणते धरावे असा पेच पडला, तर मी या नोंदीला अधिक वजन देतो.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी लोक पिढ्यान् पिढ्या घराण्यांच्या वंशावळी राखत आले आहेत, इतर काही भागांत हे काम भाट करतात. त्यांच्याकडची नावे ऐकताना मान राखावा, योग्य ती बिदागी द्यावी आणि ऐकलेले सारे टिपून घ्यावे. जुन्या पिढ्यांची नावे कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की धरू नयेत, हे मात्र लक्षात असू द्यावे.

महाराष्ट्राबाहेर गेलेली घरे

गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत शेणवीचे सिनाय, कामतचे कामोतिम आणि प्रभूचे पोरोबो झाले. हे रूप एकदा कळले की नियम कळतो आणि बाकीची आडनावे उलगडू लागतात. ख्रिस्ती घरांचा शोध अधिक अवघड आहे, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव घेतले जाई आणि त्यामुळे एकाच कुळात वेगवेगळी आडनावे येत. तिथे आडनाव सोडून गावकारीच्या म्हणजे कोमुनिदादच्या नोंदींतले वांगड, म्हणजे गावकारांचा कुळगट, पाहावे. गावकाराचा हक्क बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे वांगड धरून मागे जाता येते. पणजीचे पुराभिलेख संचालनालय हे त्यासाठीचे पहिले ठिकाण.

मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटाने, म्हणजे मजुरीच्या कराराने, जे लोक गेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतले मराठी लोकही होते. तिथे अनेक घरांत पणजोबांचे पहिले नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. बाबाजी, सखाराम ही तिथली आडनावे त्याच प्रकारची. मूळ आडनाव शोधण्यापेक्षा त्या पूर्वजाचा नोंदणी क्रमांक शोधावा. प्रत्येक गिरमिट्याला क्रमांक दिलेला होता, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदींत त्या क्रमांकावरून गाव, वय आणि वडिलांचे नाव मिळू शकते. गावाचे नाव फ्रेंच-इंग्रजी कानाने लिहिलेले असेल. ते मोठ्याने वाचावे, कोकणातल्या माणसाला ऐकवावे, बऱ्याचदा तो लगेच ओळखतो.

स्त्रियांच्या नोंदी

येथे शोध सर्वांत जास्त अडतो आणि म्हणूनच येथे सर्वांत जास्त धीर धरावा लागतो. लग्नानंतर केवळ आडनावच नव्हे, पहिले नावही बदलण्याची रीत होती, त्यामुळे माहेरची गंगू सासरी लक्ष्मीबाई म्हणून नोंदली जाते आणि दोन्ही कागद एकमेकांना ओळखत नाहीत. पूर्वज स्त्रीचे माहेर शोधायचे असेल, तर भांड्यांवरची नावे, लग्नपत्रिका, तिच्या भावांच्या घरचे वारसाचे फेरफार आणि मामाकडच्या आठवणी, या वाटेने जावे. वारसाच्या जुन्या नोंदींत लग्न झालेल्या मुलींची नावे अनेकदा गाळलेली असतात. बक्षीसपत्र किंवा हक्कसोड पत्र झालेले असेल, तर मात्र तिचे दोन्हीकडचे नाव एकाच कागदावर सापडण्याची शक्यता असते.

आपलाच पूर्वज कशावरून?

माझ्या पणजोबांच्या शोधात मी एक अख्खा पावसाळा चुकीच्या घरात घालवला. घरात साळुंखे, कोतवाल बुकात साळोखे, आणि शेजारच्या गावात साळुंके आडनावाचा एक माणूस सापडला, ज्याचे नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही पणजोबांचेच होते. मी त्याच्या मागच्या दोन पिढ्या वहीत उतरवूनही घेतल्या. मग त्याच्या मृत्यूची नोंद मिळाली : मानमोडीचे साल, १९१८. आणि आमच्या घरच्या पेटीत १९२३ च्या एका फेरफाराची नक्कल होती, जिच्यावर पणजोबांच्या अंगठ्याची निशाणी होती. वहीतली ती दोन पाने मी फाडली नाहीत. त्यावर आडवी रेघ मारून बाजूला कारण लिहिले, म्हणजे पुढे घरातले दुसरे कोणी त्याच वाटेने जाणार नाही.

तेव्हापासून मी असा नेम ठेवला आहे की नाव आणि वडिलांचे नाव जुळले, तरी तेवढ्यावर थांबायचे नाही. त्यापलीकडच्या किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि त्या एकाच कागदातून आलेल्या नसाव्यात. जमिनीचा क्रमांक, पत्नीचे नाव, भावांची नावे, कुलदैवत, मृत्यूचे साल, यांतल्या कोणत्याही दोन. रामजी, बाबाजी, धोंडी, सखाराम ही नावे एकेका गावात पाच-पाच माणसांची असत, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात पिढीआड तेच नाव फिरत असते.

सारखी दिसणारी आडनावे हा दुसरा खळगा. कोल्हापूरकडचे पोवार हे पवारांचेच रूप म्हणून समजले जाते, पण भंडारा, गोंदिया आणि बालाघाट भागात पोवार हे एका स्वतंत्र समाजाचे नाव आहे. इंगळे, इंगोले, इंगवले ही एकमेकांची रूपे वाटतात, पण घरे वेगळी असतात. याउलट आडनावे मुळीच जुळत नसताना घर एकच असते. कोणी हिणवणारे किंवा जात सांगणारे आडनाव टाकून नवे घेतले असेल. अलीकडचा असा बदल शासनाच्या राजपत्रात नावबदलाच्या सूचनेत सापडू शकतो. अशा बदलामागे काय सोसले गेले असेल याची जाणीव ठेवून, त्या घरातल्या हयात माणसांना विचारूनच तो वंशावळीत लिहावा.

नोंद ठेवताना प्रत्येक कागदावरचे आडनाव तिथे आहे तसेच लिहावे, शुद्धलेखन करू नये. आपण वाचलेले रूप त्याच्या पुढे वेगळ्या शाईने लिहावे. कागदाचे नाव, पान, वर्ष आणि नक्कल कुठून मिळाली हे त्याच दिवशी टिपावे. वंशावळीच्या तक्त्यात खात्रीच्या पिढीला सलग रेघ आणि संशयाच्या पिढीला तुटक रेघ काढावी. आणि पुढच्या वेळी त्र्यंबकेश्वरी किंवा गयेला जाल, तेव्हा उपाध्यांच्या वहीत आपल्या घरची नवी नोंद करताना मूळ गाव, आजचे गाव, पत्नीचे माहेर, मुलीचे सासर आणि आडनावाची आजवर सापडलेली सगळी रूपे सुवाच्य देवनागरीत लिहून, खाली तारीख घालून सही करावी.